उंदीर पडले की पेठ हलायची

प्रश्न: आमच्या पणजीची दोन भावंडं 1908 च्या भाद्रपदात प्लेगनं गेली, असं घरात सांगतात. जुन्या मृत्युनोंदीत मात्र दोघांपुढे नुसतं ‘ताप’ लिहिलं आहे. मग साथ कुठल्या पेठेत शिरली हे तेव्हा कळायचं कसं? घरचं सांगणं खरं मानावं का?
— एक वाचक भगिनी, कसबा पेठ

उत्तर: ताई, घरचं सांगणं मी तरी सहजी बाजूला टाकणार नाही. आरोग्य खात्यात असताना पिंजऱ्यातले उंदीर कंगव्यानं विंचरून पिसवा मोजायचं काम मी केलंय. प्लेगची पहिली खबर माणसांच्या नोंदवहीत येत नाही. ती माळ्यावर, बळदात, धान्याच्या कोठीत असते. उंदीर पडायला लागले की लोक बोचकी बांधून गावाबाहेर झोपड्यांत जायचे, ते उगाच नव्हे.

मुंबईत 1905 पासून प्लेग संशोधन आयोगानं हेच मोजून दाखवलं. कुठल्या वस्तीत सापडला याची नोंद ठेवून मेलेला उंदीर चिरून तपासायचे. घरातल्या उंदरांची साथ आणि माणसांची साथ यांत साधारण 10 ते 14 दिवसांचं अंतर निघालं. उंदराचं अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात, दुसरा उंदीर मिळेनासा झाला की माणसाला चावतात, आणि मग 2 ते 6 दिवसांत ताप चढतो, जांघेत किंवा काखेत गाठ येते. आयोगानं प्लेगच्या घरात पिंजऱ्यात जनावरं ठेवली होती. ज्या पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा रुंद पट्टा होता, त्यातली वाचली, कारण तेवढी उडी पिसवेला जमत नाही. इतक्या साध्या साधनानं इतकं मोठं कोडं सुटलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

राहिला ‘ताप’. बहुतेक मृत्यू तेव्हा डॉक्टरनं न पाहताच, घरचे सांगतील तसे नोंदले जायचे. त्यात 1897 मध्ये रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे सोल्जर पुण्यात घरोघर झडत्या घेत होते. रोगी इस्पितळात आणि घरची माणसं सेग्रिगेशन कॅम्पात जायची. ते सोसलेल्या शहरात गाठ लपवणाऱ्या घराला मी दोष देणार नाही.

आता तुमचं काम. कसब्यातले ‘ताप’वाले मृत्यू महिनावार मोजा आणि आधीच्या तीन-चार वर्षांच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहा. हिवताप दर पावसाळ्यात वाढायचाच, म्हणून ही तुलना हवी. मुंबईत प्लेगचा जोर हिवाळा सरताना असायचा, पुण्यात मात्र पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग. म्हणजे भाद्रपद बरोबर बसतो. तुलनेला 1918 ची वही मुळीच घेऊ नका, त्या सालच्या ‘तापा’त इन्फ्लुएंझाचे बळी मिसळलेले आहेत. वही मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्या कुणाला सोबत न्या.

सगळ्यात आधी दोघा भावंडांच्या तारखा पाहा. त्यांत चार-आठ दिवसांचंच अंतर असेल, आणि त्याच पंधरवड्यात शेजारच्या वाड्यांतही धडधाकट तरुण माणसं ‘तापा’नं गेलेली दिसली, तर पणजींचं म्हणणं मी प्लेग म्हणूनच मानीन.