वन रूम किचनमध्ये मिग-21चं 1/72चं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं) प्लास्टिक मॉडेल रंगवायला कोणता एअरब्रश कॉम्प्रेसर (रंग फवारायला हवा दाबणारं यंत्र) घ्यावा? आणि पावसाळ्यात रंग पांढरट का पडतो?

कोणताच घेऊ नका. त्या पैशांत आणखी किट घ्या.

पांढरट का पडतो ते आधी सांगतो. लॅकर रंगाचा थिनर भराभर उडतो, उडताना प्लास्टिक गार करतो आणि जुलैतल्या आपल्या हवेतली ओल त्या ताज्या रंगात अडकते. शिवाय हवा दाबली की तिच्यातलं पाणी नळीत सुटतं. ते पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप रिकामा करायला विसरलात तर पंखावर थेट थेंब. ब्रशने वॉटरबेस्ड ॲक्रिलिक मारलं तर ही भानगडच नाही, आणि शेजारचे वासाने दार ठोठावत नाहीत.

आता ब्रशबद्दल. परळला आमच्या मजल्यावर एक कॉम्प्रेसरवाला आहे. नाव नको, तो इथे वाचतो. गणपतीत मंडळाने 1971च्या विमानांचं टेबल मांडायचं ठरवलं. मी नॅट ठेवलं, आपल्या हवाई दलाचं छोटं लढाऊ विमान. 22 नोव्हेंबर 1971ला बंगालच्या सीमेवर बॉयऱ्याला पाकिस्तानी सेबर विमानं पाडणारं ते नॅट, 1/72मध्ये जेमतेम बारा सेंटीमीटर. कॅमोफ्लाजची प्रत्येक कड शून्य नंबरच्या ब्रशने ओढलेली. त्यानेही नॅटच आणलं. फिनिश गुळगुळीत, मान्य. पण कॉकपिटमध्ये सीटा दोन! ब्रिटिश हवाई कसरतींची टीम रेड ॲरोज उडवायची त्या ट्रेनरचं किट, त्यावर आपला तिरंगी राउंडेल, म्हणजे हवाई दलाची गोल खूण, चिकटवलेला. आपल्या हवाई दलाकडे दोन सीटांचं नॅट कधी नव्हतंच. लोक मात्र त्याच्याचपुढे थांबून फोटो काढत होते. वर मला म्हणतो, "छान आहे रे, पण ब्रश दिसतो. मखर रंगवल्यासारखं."

अरे, गणपतीच्या कारखान्यात जाऊन बघ. अंगाचा रंग गनने कोणीही मारतं. डोळ्यांच्या आखणीला मात्र मुख्य कारागीर ब्रश घेऊन बसतो.

ब्रश दिसतो तो रंग घट्ट असला की. पॅलेट तिरकी केल्यावर थेंब ओघळला पाहिजे. सिंथेटिक चपटा ब्रश घ्या, अब्दुल रहमान स्ट्रीटला ढिगाने मिळतात. पहिला हात लावल्यावर विमान भयाण दिसेल, दिसू दे. ओल्या रंगावरून परत ब्रश फिरवायचा नाही, पट्टे तिथेच पडतात. पूर्ण वाळला की दुसरा हात आडवा, तिसरा उभा, मधे हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलकेच. डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांच्या) आधी ग्लॉस मारा, नाहीतर डिकलखाली हवा राहून चंदेरी चट्टा दिसतो. शेवटी मॅट. बायसनची, म्हणजे आपल्या शेवटच्या सुधारित मिग-21ची, करडी रंगसंगती अशी मस्त निघते. 26 सप्टेंबर 2025ला चंदिगडला मिग-21 निवृत्त झाल्यापासून माझ्या ओळखीतला जो तो बायसनच करतोय.

हां, 1963ला आलेलं सुरुवातीचं, उघड्या धातूचं मिग करायचं असेल तर ब्रश चालणार नाही. चंदेरी रंगात प्रत्येक फटकारा दिसतो. त्यासाठी स्प्रे कॅन आणा आणि डिसेंबरात गच्चीवर जाऊन मारा. तोंडावर मास्क हवाच, नुसता रुमाल नको. एवढं करूनही कॉम्प्रेसरच घ्यायचा असेल तर टाकीवाला घ्या, बिनटाकीच्यात हवा धडधडत येते. आणि किट उघडण्याआधी सीटा मोजा.