अकरा दणके आणि एक दार

प्रिय मित्रा,

तुझ्या ट्रेलरचा रफ कट काल रात्री मिळाला. दोन मिनिटं आठ सेकंद. तीनदा पाहिला: एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकला. भयपटाचा ट्रेलर असा तपासायची माझी जुनी सवय आहे. चित्र काढून घेतलं की भीती किती उरते ते तिसऱ्या वेळी कळतं. तुझ्या कटमध्ये पहिली चाळीस सेकंद उरली. पुढे नुसता गोंगाट.

मी मोजले. अकरा दणके आहेत. पहिल्याला मी दचकले. दुसऱ्यालाही, जरा कमी. तिसऱ्यापासून माझ्या कानाला तुझा हिशोब कळला: रायझरचा सूर चढत जाणार, अर्धा सेकंद ब्लॅक, मग धाड. उरलेले आठ मी चहा ढवळत ऐकले.

तू लहानपणी तबला शिकला आहेस, तेव्हा समेबद्दल तुला मी काय सांगणार! तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा, सुरू झाली की शेवटच्या रांगेतल्या माणसाचीही मान तयार असते, कारण सम कुठे पडणार ते त्याला ठाऊक असतं. मैफिलीत त्यातच मजा आहे. आपल्या ट्रेलरमध्ये मात्र तिथेच सगळं फसतं. रायझर ही तिहाईच. तो वाजायला लागला की प्रेक्षक खांदे आवळून बसतो आणि आवळलेल्या खांद्यांवर दणका आदळून काही होत नाही. म्हणून द्यायचाच तर अनागत दे, त्याची तयारी व्हायच्या आत. नाहीतर अतीत दे: सम आली, गेली, काहीच झालं नाही, त्याने श्वास सोडला, आणि तेवढ्यात.

२०१३ च्या ‘द कॉन्ज्युरिंग’चा ट्रेलर काढून बघ. त्यात मुली एक खेळ खेळतात, आपल्या आंधळ्या कोशिंबिरीसारखा, फक्त डोळे बांधलेल्याने टाळी मागायची आणि लपलेल्याने ती वाजवायची. हा नियम ट्रेलर आपल्याला आधी शांतपणे शिकवतो. मग आई तळघराच्या जिन्यावर काडी पेटवून बसलेली दिसते. उजेड जेमतेम तिच्या चेहऱ्यापुरता, बाकी पडदा काळा. तिच्या खांद्यामागच्या अंधारातून दोन हात येतात आणि टाळी वाजवतात. तिथे ढोल नाही, व्हायोलिनची किंचाळी नाही, नुसती टाळी. ती टाळी बघणाऱ्याबरोबर घरी जाते, कारण ती वाजवायला कुठलं यंत्र लागत नाही. तुझ्या अकरा दणक्यांपैकी एकही माझ्याबरोबर स्वयंपाकघरापर्यंत आला नाही. सगळे साउंड लायब्ररीतले आहेत, आणि त्यांतले दोन मीही वापरलेत.

आता एका बसची गोष्ट. आपल्या जातीच्या लोकांची, म्हणजे एडिटरांची, म्हणून सांगते. १९४२ साली ‘कॅट पीपल’ नावाचा स्वस्तातला सिनेमा आला. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक तूर्नर, एडिटर मार्क रॉबसन. एक बाई रात्री बागेलगतच्या रस्त्याने एकटी चालली आहे. तिच्या टाचांचा आवाज आणि मागे आणखी एका जोडीच्या टाचा. थोड्या वेळाने मागच्या टाचा बंद होतात. बस्स, एवढंच. ती पावलं उचलते, मागे बघते, झाडी बघते, आपणही झाडी बघतो. आणि बाजूने फ्रेममध्ये घुसते ती शहरबस, ब्रेकच्या फुस्सकन आवाजासह. जनावराचा फूत्कार वाटावा असा आवाज! पडद्यावर कुणालाही ओरखडासुद्धा उठलेला नाही. तेव्हापासून इंग्रजी सिनेमावाले अशा खोट्या धक्क्याला ‘ल्यूटन बस’ म्हणतात.

सगळे त्या बसचं कौतुक करतात. मी मागच्या टाचा बंद होतात त्या जागेचं करते. काहीतरी ऐकू येत होतं आणि आता येत नाही, हे रॉबसनने आपल्या कानाला लावून दिलं. पुढे बसऐवजी रिकामा डबा घरंगळत आला असता तरी आपण उडालोच असतो.

दचकणं वेगळं आणि धास्ती वेगळी. दचकणं ही शरीराची प्रतिक्रिया आहे, तान्हं बाळही दचकतं. त्यासाठी अचानक मोठा आवाज पुरतो. धास्तीला वेळ लागतो. पण दोन्हींच्या मधे एक जागा आहे आणि ती आवाजाच्या पोतात आहे. डॅनियल ब्लमस्टीन नावाचे एक जीवशास्त्रज्ञ मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्यांचा अभ्यास करतात. पिल्लाला धरलं की ते किंचाळतं, आणि घशाच्या ताकदीपलीकडे ताणल्यामुळे तो आवाज फाटतो, खरखरतो, सूर सोडतो. ब्लमस्टीन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये शंभराहून अधिक सिनेमांचे ध्वनिपट्टे याच कानाने तपासले. भयपटांतल्या किंकाळ्यांमध्ये तसला फाटलेपणा जास्त निघाला. तो कुणी ठरवून घातला असेल असं नाही, एडिटरांच्या आणि संगीतकारांच्या कानाने तो आपसूक शोधला. १९७९ च्या ‘एलियन’च्या ट्रेलरमध्ये एक सायरनसारखं काहीतरी ओरडत राहतं, संवाद एकही नाही, आणि अंगावर काटा येतो तो त्या ओरडण्यानेच. ते यंत्राचं आहे की कोणा जिवाचं, ते शेवटपर्यंत कळत नाही. तुझा बारीक, शुद्ध, महागडा सिंथ फार सुरात आहे रे. त्याला थोडं फाडून बघ. खरकटी कढई स्टीलच्या घासणीने घासताना रेकॉर्ड कर आणि निम्म्या वेगाने वाजव. मी थट्टा करत नाही.

मोठ्या आवाजाबद्दल आणखी एक. अमेरिकेत थिएटरमधल्या ट्रेलरच्या आवाजाला एक मर्यादा आहे, ८५ डेसिबलची. पण ती मोजतात पूर्ण ट्रेलरच्या सरासरीवर. म्हणजे तू आधी मिनिटभर कुजबुजलास तर शेवटचा दणका जोरात लावायला तुझ्याकडे शिल्लक उरते, आणि सतत ओरडलास तर खातं रिकामं. ज्यांनी हा नियम केला त्यांच्या मनात प्रेक्षकांचे कान वाचवणं होतं. हुशार एडिटरांनी त्यातून शांततेची किंमत ओळखली. तुझी लाउडनेसची पट्टी मी पाहिली, पावसाळ्यातल्या डांबरासारखी सपाट काळी आहे.

आणि हे सगळं बहुतेक लोक बघणार कशावर? फोनवर. तुझ्या एडिट रूममधल्या सबवूफरला जी पोटात घुमते ती गुरगुर फोनच्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. पंचेचाळिसाव्या सेकंदाला तू सगळा भार तिच्यावर टाकलास. फोनवर तिथे काहीच नाही, नट उगाच घाबरलाय असं दिसतं. मिक्स झाला की एकदा स्वस्तातल्या फोनवर, पंखा चालू ठेवून ऐक. अंधाराचंही तसंच. तू ग्रेड केलेला मखमली काळा रंग अपलोड झाल्यावर चौकोनी ठिपक्यांचा होतो. दुपारी बसस्टॉपवर उभा असलेला माणूस त्या काळ्यात स्वतःचाच चेहरा बघणार. म्हणून अंधाराला कड दे. एक पेटती काडी, दाराची फट, देवघरातला झिरोचा बल्ब. डोळ्याला धरायला काहीतरी मिळालं तरच तो उरलेल्या काळोखात शोधायला लागतो, आणि शोधणारा डोळा हेच तर आपलं भांडवल. ‘लपाछपी’ या मराठी भयपटात उसाच्या फडाने हेच केलं: पात्यांच्या मधल्या शेकडो फटी, प्रत्येकीत कुणीतरी असू शकतं. तिथे काळोखाचीही गरज लागत नाही.

‘अडगुलं मडगुलं’ संथ लयीत, लहान मुलीच्या आवाजात, मागे घुमारा देऊन? काढून टाक. ‘अस’ (Us) या इंग्रजी सिनेमाच्या ट्रेलरने १९९५ चं एक रॅप गाणं तंतुवाद्यांवर ताणून भयानक केलं तेव्हा ते ताजं वाटलं, कारण ते गाणं पार्टीचं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अंगाई आणि बडबडगीतं आता इतकी वापरून झालीत की ती सुरू होताच प्रेक्षकाला भूत लागतं ते कंटाळ्याचं. आपल्याकडचं काही घ्यायचंच तर ज्याला अजून कुणी हात लावला नाही असं घे. भाजीवाल्याची आरोळी घे.

सुरुवातीच्या पाच सेकंदांत तू जो ट्रेलरचा ट्रेलर लावलास, तो ‘स्किप’चं बटण यायच्या आत माणूस धरून ठेवायला, हे मला समजतं. क्लायंट मागणारच. मला आवडत नाही. पण लावायचाच तर त्यात दणका खर्च करू नकोस, प्रश्न टाक.

आता तो चेहरा. तुझ्या कटमध्ये एक मिनिट एकावन्नला भुताचा चेहरा पूर्ण दिसतो, बावीस फ्रेम. काही वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. निर्मात्याने हट्ट धरला, मेकअपवर पैसे घातलेत तर दिसू दे की! मी नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. ट्रेलर भरपूर पाहिला गेला. पहिल्या शुक्रवारी मी थिएटरात मागे उभी होते. चेहरा यायच्या दोन मिनिटं आधीपासून पोरं एकमेकांना सांगत होती, ‘आता येईल बघ.’ आला, आणि कुणीतरी शिट्टी मारली. दिग्दर्शकाने त्या क्षणासाठी दीड तास बांधलेलं सगळं मी दोन मिनिटांत फुकट वाटून टाकलं होतं.

म्हणून दाखवायचंच नाही, असा धडा घेऊ नकोस. ‘द शायनिंग’च्या ट्रेलरमध्ये सगळा वेळ एकच शॉट आहे: हॉटेलच्या लिफ्टचे बंद दरवाजे, कॅमेरा ढिम्म, नावं वर सरकतायत, आणि फटीतून रक्त उसळून लेन्सवर येतं. त्या सिनेमातलं सगळ्यात भव्य दृश्य त्यांनी ट्रेलरमध्ये देऊन टाकलं. तरी रक्त कुणाचं, कुठून, का, यातलं एक अक्षर कळत नाही. ‘सायको’च्या ट्रेलरमध्ये तर हिचकॉक स्वतः सहा मिनिटांहून जास्त वेळ घर आणि मोटेल दाखवत फिरतो, घर विकायला काढलेल्या दलालाच्या ऐटीत. खून कुठे झाला तेही सांगतो. शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढतो आणि बाई किंचाळते, ती सिनेमातली जॅनेट लीसुद्धा नाही, विग घातलेली व्हेरा माइल्स आहे. चित्र दिलं तर अर्थ राखून ठेव, अर्थ दिला तर चित्र. तू दोन्ही दिलंस, शिवाय व्हीओमध्ये, मागून बोलणाऱ्या आवाजात, परत समजावून सांगितलंस.

‘तुंबाड’ तू पाठ केलायस, तेव्हा लांबण लावत नाही. त्यात हस्तरचं नाव घेऊन झोपवतात, आपल्याकडे बागुलबुवाचं नाव घेऊन झोपवावं तसं. त्या नावाने काय काय काम केलंय ते बघ. तुझ्या भुताला अजून नाव नाही. दिग्दर्शकाला विचार, ठेवलंय का काही.

मागे एकदा ऑस्ट्रेलियात, पर्थला, सशाच्या लहान मुलांच्या सिनेमाआधी चुकून ‘हेरेडिटरी’ या भयपटाचा ट्रेलर लागला होता, २०१८ साली. आईबाप पोरांना घेऊन बाहेर पळाले. आमच्या धंद्यात हा किस्सा हसत सांगतात. मला पूर्ण हसू येत नाही. भयपटाचं तिकीट काढणारा घाबरायलाच आलेला असतो. ट्रेलर मात्र क्रिकेटच्या हायलाइट्स बघायला बसलेल्या माणसापुढेही येतो. तुझ्या कटमधला तो लहान मुलाचा शॉट, एक मिनिट बाराचा, मी काढला असता. तू ठरव.

आता चांगलं. सतराव्या सेकंदाला वाड्यातल्या माजघराचं दार अर्धवट उघडं आहे. तू तो शॉट साडेचार सेकंद धरलास. आत काही नाही, बाहेर काही नाही, नुसता जुन्या पंख्याचा कुरकुरणारा आवाज, आणि तोही दुसऱ्या सेकंदाला थांबतो. पाठ करून ऐकत होते तेव्हा तिथे मी मान वळवून मागे पाहिलं. सगळ्या कटमध्ये एकदाच.

मला दाट संशय आहे की तिथे तू म्युझिकचा ट्रॅक ओढायला विसरलास. विचारणार नाही. त्या दाराला हात लावू नकोस. अकरातले आठ दणके काढ, चेहरा काढ, व्हीओ अर्धा कर, आणि रविवारपर्यंत पाठव. दारानंतर लगेच तू हॉलचा वाइड शॉट जोडलायस, तो चुकीचा आहे एवढं नक्की. तिथे काय हवं, ते मला अजून सुचलेलं नाही. तुला सुचलं तर आधी फोन कर, रात्री अकरानंतर नको.

तुझी,
ताई