चीनच्या कांग्शी बादशहाने आधी ख्रिस्ती धर्माला परवानगी देऊन मग बंदी का घातली?

बंदीचं मुख्य कारण म्हणजे चिनी ख्रिस्ती माणसाने घरात काय करायचं हे रोमचे पोप ठरवू लागले, आणि कांग्शीला ते आपल्या राज्यकारभारातली ढवळाढवळ वाटली. माटेओ रिची हा जेझुइट (एका कॅथलिक पंथाचा) मिशनरी १६०१ मध्ये बीजिंगला पोचला. पूर्वजांच्या नावाच्या पाटीपुढे उदबत्ती लावणं, कन्फ्यूशियसला वाकून नमस्कार करणं हा धर्म नसून लोकरीत आहे, अशी त्याची भूमिका होती. १६९२ मध्ये कांग्शीने ख्रिस्ती धर्माला परवानगी दिली ती याच धोरणाच्या जेझुइटांच्या सेवेमुळे. पण १७०४ मध्ये रोमने हे विधी नाकारले. त्यावर कांग्शीने १७०६ मध्ये अट घातली: ज्या मिशनऱ्याला रिचीची रीत मान्य असेल त्यानेच चीनमध्ये राहण्याचा परवाना घ्यावा, बाकीच्यांनी चालतं व्हावं. १७१५ चा पोपचा हुकूम तर फारच बारकाईत शिरला. घरातल्या पाटीवर मृताचं फक्त नाव चालेल, 'आत्म्याचं आसन' असं लिहिलेलं चालणार नाही. चर्चमधली 'जिंग तियान' (स्वर्गाचा आदर करा) ही पाटीही उतरवा. ती अक्षरं खुद्द बादशहाने लिहून दिलेली! १७२१ मध्ये तो हुकूम वाचून त्याने बंदीचा शेरा मारला.

मात्र तेवढ्याने मिशनरी लगेच गेले नाहीत. खरी हकालपट्टी १७२४ मध्ये कांग्शीचा मुलगा योंगझेंग बादशहाने केली, आणि तेव्हाही दरबारातले खगोलतज्ज्ञ नि चित्रकार ठेवून घेतले. रोमने विधींवरचे निर्बंध १९३९ मध्ये सैल केले.