एचटीएमएल शिकतोयस? आधी नोटपॅड उघड

अरे, एचटीएमएल म्हणजे वेबपानाचा सांगाडा लिहायची भाषा, पहिल्याच आठवड्यात रिअ‍ॅक्टसारख्या पुढच्या टूलच्या मागे नको लागूस. नोटपॅडमध्ये एक फाइल डॉट एचटीएमएल नावाने सेव्ह कर आणि ब्राउझरमध्ये उघड, बास, सुरुवातीला एवढंच लागतं. टॅग, म्हणजे मजकुराला लावायच्या खुणा, पाठ करत बसू नको, हा मजकूर आहे काय ते बघ, मथळा असेल तर एचवन, परिच्छेद असेल तर पी, नुसतं अक्षर मोठं दिसावं म्हणून एचवन टाकायचा नाही, दिसण्याचं काम सीएसएसचं, म्हणजे सजावटीच्या वेगळ्या भाषेचं.

आता मराठी पानाचं सांगतो, कारण क्लासमध्ये हे सहसा कुणी सांगत नाही. पानाच्या वरच्या हेड भागात मेटा चारसेट यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) टाक आणि फाइलही त्यातच सेव्ह कर, नाहीतर 'नमस्कार'च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात (मी तासभर फॉन्टलाच शिव्या घालत बसलेलो). आणि सगळ्यात वरच्या एचटीएमएल टॅगमध्ये लँगची, म्हणजे भाषेची, व्हॅल्यू एमआर (मराठी) दे. त्याने स्क्रीन रीडरला (पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) मराठी आवाज निवडता येतो, शिवाय ज्या फॉन्टात सोय असते त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीतल्यासारखे नाही. मला तर हे कळलं तेव्हा लई भारी वाटलेलं.

टॅग बंद करायला विसरलास तरी ब्राउझर गुपचूप सांभाळून घेतो, त्यामुळे पान दिसतंय म्हणजे बरोबरच आहे असं नसतं, डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे चुका शोधणाऱ्या टूलमध्ये, टाकून बघ, फुकट आहे.