नमुना कुठून आणि कधी घेतला, ते आधी विचारा

गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी येणाऱ्या पाण्याला गटाराचा वास, दुपारनंतर ठीक. आणि तपासणीचा रिपोर्ट म्हणतो ‘पिण्यास योग्य’. तुमच्या सोसायटीच्या पाण्याची ही तक्रार वाचून राहवलं नाही. पुण्यात धायरीच्या बाजूला आमच्या सोसायटीने नेमकं हेच भोगलंय.

पाणी उकळणं, टाक्या धुणं तुम्ही करतच असाल, ते सोडतो. मी इंजिनियर नाही, डॉक्टरही नाही. आमच्याकडे जे दिसलं तेवढंच सांगतोय.

बंदच्या दिवशी लाईन रिकामी होते आणि आतला दाब जातो. सांधा सैल असेल आणि शेजारी ड्रेनेज पाझरत असेल तर ते पाणी आत ओढलं जातं. चावी सुटली की पहिल्या लोंढ्यात ती घाण तुमच्याकडे येते. नंतर लाईन धुऊन निघते, म्हणून दुपारी पाणी चांगलं दिसतं.

आमच्या तक्रारीवर पाणीपुरवठा कार्यालयाचा माणूस आला तोच भर दुपारी. बाटली भरली गच्चीवरच्या टाकीतून, जिच्यात सकाळीच टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकली होती. रिपोर्ट स्वच्छच येणार! पुढे दरवेळी तोच कागद पुढे केला जायचा: दोष तुमच्या टाकीचा. पाणीवाले ड्रेनेजकडे पाठवत, ड्रेनेजवाले विचारत, ‘लाईन कुठे फुटलीय ते दाखवा.’ रस्ता न खोदता आम्ही काय दाखवणार? अख्खा पावसाळा यात गेला, तळमजल्यावरच्या आजींना सलाईन लावायची वेळ आली. त्या कागदाचा मला आजही संताप येतो.

म्हणून हट्टच धरा. नमुना जमिनीखालच्या टाकीत पाणी पडतं त्या तोंडाशी घ्यायचा, आणि पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत. बाटली प्रयोगशाळेकडूनच, निर्जंतुक केलेली आणि क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट घातलेली हवी. नाहीतर पाण्यातलं क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट फसवा येतो. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा पुण्यातच आहे. पावतीवर जागा आणि वेळ लिहून घ्या. १०० मिलिलीटरमध्ये ई. कोलाय (मैल्यातून येणारे जंतू) अजिबात सापडता कामा नये.

त्याच सकाळी ओटी टेस्टही करा, म्हणजे थेंब टाकून पाण्यातलं क्लोरीन बघायची चाचणी; क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं. त्याच लाईनवर तुमच्या आधी पाणी पोहोचतं त्या घरी पिवळा रंग आला आणि तुमच्याकडे आला नाही, तर क्लोरीन मधल्या टप्प्यात खर्ची पडतंय. घाण तिथेच शिरत असण्याची शक्यता मोठी. खोदाई कुठून सुरू करायची हे सांगायला आम्हाला याचाच उपयोग झाला.

टीडीएस मीटरवर मात्र विसंबू नका. तो क्षार मोजतो, जंतू नाही. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला होता. असले जीवाणू त्या मीटरवर कधीच दिसणार नाहीत. तरी कमिटीतले लोक आकडा दाखवून ‘पाणी उत्तम’ म्हणतात, हे मला फार धोक्याचं वाटतं.

विषय निघालाच आहे तर तुमचा एसटीपी (सोसायटीचा सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) खरंच चालू असतो का, तेही कमिटीला विचारा. वीजबिल वाचवायला त्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवला की मैलापाणी तसंच नाल्यातून मुळा-मुठेत, तिथून भीमेतून उजनी धरणात जातं. सोलापूर शहर मुख्यतः उजनीचंच पाणी पितं. आपल्या नळाला वास आला म्हणून भांडायचं आणि आपली घाण खाली सोडायची, हे मला पटत नाही.

आमच्याकडे शेवटी सापडलं ते असं: सोसायटीत येणारा जुना लोखंडी पाइप थेट ड्रेनेजच्या चेंबरमधून गेला होता आणि तिथेच सडला होता. तो बाजूने, ड्रेनेजपेक्षा वरच्या पातळीवर नवीन टाकला आणि वास थांबला. तुमचं कारण वेगळंही असू शकेल. पण रस्ता खोदायची वाट बघण्याआधी गेटजवळच्या सगळ्या चेंबरची झाकणं उघडायला लावा. आत कुणी उतरायचं नाही, वरूनच टॉर्च मारून बघायचं. पाण्याचा पाइप दिसला तर फोटो काढून तक्रारीला जोडा.