मसाज करणाऱ्याची पारख

प्रश्न: आईचं वय ६४, तिला मधुमेह आहे. महिनाभरापासून उजवा खांदा आखडलाय. सोसायटीत घरी येणारे एक मसाज थेरपिस्ट आहेत. भिंतभर प्रमाणपत्रं, आणि ‘दहा सेशनमध्ये हात मोकळा करतो’ म्हणतात. बोलवावं का? (कोथरूड)

उत्तर: खांदा आधी फिजिओथेरपिस्ट किंवा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मधुमेह असलेल्यांमध्ये फ्रोझन शोल्डर (सांध्याभोवतीचं आवरण आखडून खांदा अडणं) जास्त आढळतो. घरी अंदाज घेता येतो: आईंना उताणं झोपवा, कोपर काटकोनात दुमडून कुशीला टेकवा आणि हात सैल सोडायला सांगून तुम्ही तो हलकेच बाहेरच्या बाजूला फिरवा. डाव्याच्या मानाने उजवा लवकर अडला, तर सांध्याभोवतीचं आवरणच आखडलेलं असू शकतं. वरचे स्नायू चोळून ते सैल होत नाही, आणि जोर लावून हात वर ओढला तर रात्रीचं ठणकणं वाढतं. मान-पाठीला आराम म्हणून सोबत मसाज चालेल.

आता प्रमाणपत्रं. फिजिओथेरपीची पदवी इंटर्नशिपसह किमान साडेचार वर्षांची, आयुर्वेदाची बीएएमएस साडेपाच वर्षांची, आणि दोघांचीही राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक बेलाशक मागा. नुसत्या मसाजसाठी अशी सक्तीची नोंदणी नाही. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचा कागद आणि वर्षभराच्या अभ्यासक्रमाचा कागद फ्रेममध्ये सारखेच दिसतात! म्हणून विचारा: प्रत्यक्ष सराव किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, शरीररचना शिकवली का. दहा सेशनांची मालिका अमेरिकेतल्या आयडा रॉल्फ यांच्या ‘रॉल्फिंग’ या अंग दाबण्याच्या पद्धतीत खरोखर आहे, पण ती सगळ्या शरीराची ठेवण सुधारण्यासाठी. आखडलेल्या खांद्यासाठी दहा हा निव्वळ पॅकेजचा आकडा.

कागदांपेक्षा पहिली पंधरा मिनिटं जास्त सांगतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पावलं बधिर आहेत का, हाडं ठिसूळ आहेत का, कुठली शस्त्रक्रिया झाली आहे, हे विचारल्याशिवाय जो तेलाची बाटली उघडतो त्याला तिथेच थांबवा. बधिर पावलावर गरम पोटली ठेवली तर चटका बसलेला कळतही नाही. जाणकार माणूस कोणता भाग चोळणार ते आधी सांगतो, तेवढाच उघडा ठेवून बाकी अंग चादरीने झाकतो. घरातलं माणूस खोलीत बसलं तर त्याची हरकत नसते.

झोपवण्याकडेही लक्ष द्या. पालथं झोपवून मान अर्धा तास एकाच बाजूला वळवलेली राहिली, तर खांदा बरा आणि मान धरली असं होतं. आईंना डाव्या कुशीवर घ्यायला सांगा, उजव्या हाताखाली उशी. मऊ गादीत दाब मुरतो, मग करणारा आणखी रेटतो. सतरंजीवर पातळ गादी बरी. मानेला झटका देऊन ‘कट्’ आवाज काढू देऊ नका. क्वचित का होईना, त्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

प्रश्न: मसाजनंतर अंगावर काळेनिळे डाग उठतात. ‘विष बाहेर पडतंय’ असं सांगतात. (हडपसर)

उत्तर: विष वगैरे काही नाही. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्यात. दाब तळव्याने हलका सुरू व्हावा, स्नायू सैलावल्यावर अंगठा. आखडलेल्या स्नायूच्या गाठीवर अर्धा ते एक मिनिट पुरे. दहापैकी पाच-सहापर्यंत दुखणं चालेल, श्वास रोखावा लागला तर दाब जास्त झाला. दुसऱ्या दिवशी ठणकणं नेहमीचं, डाग नव्हेत. हलक्या हातानेही डाग उठत असतील तर औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: नागपूरहून रात्रभर बसने आल्यापासून एकच पोटरी सुजली आहे. सिंहगड चढून येतो तेव्हासारखी चोळून घेऊ? (वारजे)

उत्तर: अजिबात नाही. चढाईने बहुधा दोन्ही पोटऱ्या भरून येतात. एकच सुजली, गरम लागते, दुखते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आजच डॉक्टरांना दाखवून डॉपलर तपासणीबद्दल (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) विचारा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात.