गॅरेजने अडवून ठेवलेली जुनी एम.जी. आणि बदललेले इंजिन

प्रश्न : वडिलांची १९६५ सालची एम.जी.बी. ही उघडी स्पोर्ट्‌स कार मी पुण्यातील एका गॅरेजला पूर्ण दुरुस्तीसाठी दिली. ठरलेल्या सहा लाखांपैकी ४,६०,००० रुपये यूपीआयने दिले आहेत. लेखी करार नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आहेत. चाचणीच्या वेळी इंजिन दहा मिनिटांत तापले आणि ऑइलच्या झाकणाला दुधट चिकटा दिसला. मालक म्हणतात, ‘जुन्या गाड्या तापतातच.’ आता त्यांनी २,३५,००० रुपयांचे बिल दिले असून त्यात ‘दुसरा ब्लॉक’ म्हणून ७०,००० आणि पार्किंगचे २५,००० रुपये धरले आहेत. पैसे दिल्याशिवाय गाडी देणार नाही, असे ते सांगतात. माझ्याकडे दुसरी किल्ली आहे. गाडी घेऊन येऊ का? मी कोल्हापूरला राहतो.

उत्तर : आपण तापणाऱ्या इंजिनाविषयी आणि बिलाविषयी विचारले आहे, परंतु आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर शब्द ‘दुसरा ब्लॉक’ (ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा) हे आहेत, आणि पुढची प्रत्येक पायरी त्यांकडे लक्ष ठेवूनच टाकावी लागेल.

आधी किल्लीचा प्रश्न निकालात काढतो. गाडी आणू नका. करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार ज्याने वस्तूवर श्रम आणि कौशल्य खर्चून ठरलेले काम केले, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते. दुरुस्तीचे पैसे देणे असताना घड्याळजीने हक्काने ठेवून घेतलेले घड्याळ त्याचे तारण बुडवण्याच्या हेतूने मालकानेच काढून नेले, तर ती चोरी ठरते, हे उदाहरण जुन्या दंड संहितेतच दिलेले होते आणि आजच्या न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही ते कायम आहे. काहीही देणे नसेल तर चोरी होत नाही, पण बळजबरीने आत शिरल्याचा आरोप तरीही होऊ शकतो. आपल्याकडे काही रक्कम बाकी आहे हे आपणच मान्य करता, तेव्हा हा धोका पत्करण्यासारखा नाही.

मात्र गॅरेजचा हा हक्क त्यांना वाटतो तेवढा मोठा नाही. तो ठरलेल्या कामाच्या मोबदल्यापुरता आहे. आधी न ठरलेले पार्किंग त्यात बसत नाही, आणि आपल्या संमतीवाचून आणलेला ब्लॉक हे ठरलेले कामच नव्हे. म्हणून ठरलेल्या रकमेतील उरलेले १,४०,००० रुपये ‘हक्क राखून’, म्हणजे आपली तक्रार न सोडता, द्यायची तयारी आहे, असे गॅरेजला पाठवायच्या नोटिशीत लिहा. रक्कम लगेच हातावर ठेवू नका. गाडी आणि मूळ ब्लॉक एकाच वेळी ताब्यात मिळण्याच्या बदल्यात ती देऊ करा.

आता इंजिनाकडे. बिघाड नेमका कुठे आहे यावर जबाबदारी कोणाची हे ठरते, म्हणून तांत्रिक निदान हाच येथे पुरावा आहे. झाकणावरचा दुधट चिकटा म्हणजे बहुधा ऑइलमध्ये पाणी. चालू इंजिनात रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल, तर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड, यांमधले पॅकिंग) गेले आहे, हेड सपाट नाही किंवा ब्लॉकला तडा आहे असे मानायला जागा आहे, आणि हे तिन्ही इंजिन बांधणाऱ्याच्या कामात येतात. उलट रेडिएटरच्या नळ्या चोंदलेल्या असतील आणि रेडिएटर आपल्या कामाच्या यादीतच नसेल, तर गॅरेजला बचाव मिळतो. इग्निशनचे टायमिंग मागे राहिले किंवा एस.यू. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ झाले, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडले, तरीही गाडी तापते, पण ती सेटिंगची चूक आहे आणि थोड्या खर्चात सुटते. यांपैकी काय झाले आहे हे आपण किंवा मी सांगून चालणार नाही. त्यासाठी परवानाधारक सर्व्हेअर किंवा यांत्रिकी अभियंत्याकडून गॅरेज मालकांच्या समक्ष संयुक्त पाहणी करून घ्या, कॉम्प्रेशन आणि कूलिंग प्रेशरच्या चाचण्यांचे आकडे लिहून घ्या, आणि तोवर दुसऱ्या कोणत्याही मेकॅनिकला हेड उघडू देऊ नका. एकदा हेड उघडले की कोणाच्या हातून काय बिघडले याचा वाद कायमचा अनिर्णित राहतो.

याच पाहणीत ब्लॉक तपासून घ्या. आपल्या गाडीचे इंजिन बी.एम.सी. या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी-मालिकेतील १७९८ सीसीचे. आपल्याकडच्या अँबेसिडरचे १४८९ सीसी पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातले. स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्हींचा ८८.९ मि.मी., पण बोअर (सिलिंडरचा व्यास) अनुक्रमे ८०.२६ आणि सुमारे ७३ मि.मी. असा फरक आहे. भंगारातला अँबेसिडरचा ब्लॉक बसवला गेला असेल, तर मोजमापात ते लपत नाही. एम.जी.बी.चा इंजिन क्रमांक ब्लॉकला रिव्हेटने ठोकलेल्या पट्टीवर असतो, आणि पट्टी एका ब्लॉकवरून काढून दुसऱ्यावर ठोकता येते. म्हणून पट्टी, तिचे रिव्हेट आणि ब्लॉकवरचे ओतीव अंक या सर्वांची छायाचित्रे घ्या.

हे सारे एवढ्यासाठी, की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांत आर.टी.ओ.ला देण्याची जबाबदारी मालकाची, म्हणजे आपली आहे. आर.सी. बुकातील क्रमांक जुळला नाही तर विमा कंपनीही दावा नाकारण्यासाठी त्याचाच आधार घेईल. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी २०,००० रुपये शुल्क भरून दहा वर्षांसाठी मिळते, पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल तरच. मूळ ब्लॉक हातचा गेला, तर नुकसान ७०,००० रुपयांत मोजता येणार नाही. त्यामुळे नोटिशीत पहिली मागणी मूळ ब्लॉकची ठेवा आणि नव्या ब्लॉकची खरेदी-पावती मागा. गॅरेजने बिलात ‘दुसरा ब्लॉक’ लिहून बदल स्वतःच कबूल केला आहे. ते बिल जपून ठेवा, त्यावर वाद घालून दुरुस्त करून घेऊ नका.

मूळ ब्लॉक परस्पर विकला असल्याचे दिसले, तर न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी विश्वासघाताची तक्रार करता येईल. पोलिस तो दिवाणी वाद म्हणून टाळण्याची शक्यता आहे, म्हणून हा मार्ग मी पहिला सुचवत नाही.

पहिला मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याने आपल्याला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मोबदला म्हणून प्रत्यक्ष दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यास शुल्क नाही. सेवेतील त्रुटीबरोबर कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशही मागा, म्हणजे निकालापर्यंत गाडी विकली जाणार नाही आणि सुटे भाग हलवले जाणार नाहीत. मुदत दोन वर्षांची असून नोटिशीने ती वाढत नाही. गाडी नफ्यासाठी विकायची होती का, हे आपण ‘ग्राहक’च नाही असे दाखवण्यासाठी समोरचे वकील नक्की विचारतील. ती वडिलांची असल्याचे जुने कागद तयार ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशांना साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागेल, म्हणून तो फोन बदलू नका आणि संवाद पुसू नका.

ताबा मिळाला तरी पुण्याहून कोल्हापूरपर्यंत गाडी चालवत नेऊ नका. ट्रकवर किंवा ट्रेलरवर न्या, आणि ती चढवण्याआधी ओडोमीटरचा आकडा व गाडीची स्थिती दोन साक्षीदारांसमक्ष लिहून त्यावर गॅरेजची सही घ्या.